आल्प्स ओलांडून चाकरीला जाणारी मुले

प्रश्न: ऑस्ट्रियातील टिरोल, फोरार्लबर्ग या डोंगराळ भागांतील मुले पूर्वी जर्मनीतील श्वाबियात शेतकऱ्यांकडे राबायला जात, असे वाचले. आईवडील त्यांना एवढ्या दूर का धाडत आणि मोबदला काय मिळे?

प्रतिसाद १: तुटपुंज्या शेतीवर मोठे कुटुंब पोसत नसे, उन्हाळाभर एक खाणारे तोंड कमी होणे हीच मोठी मदत होती. मार्चमध्ये, खिंडीत बर्फ असतानाच, एखाद्या पाद्र्याच्या किंवा जाणत्या माणसाच्या सोबतीने मुले पायी निघत आणि श्वाबियातील राफेन्सबुर्ग, फ्रीडरिशहाफेन येथील बाजारांत शेतकरी त्यांना निवडून नेत. शरदात परतताना थोडी रोकड, नवे कपडे आणि बूट मिळत.

प्रतिसाद २: कामे मुख्यतः गुरे राखण्याची, मुलींकडे घरकाम आणि तान्ही मुले. पहाटेच्या गारठ्यात अनवाणी गुराखी ताज्या शेणात पाय रोवून ऊब घेत.

प्रतिसाद ३: १८८४ साली टिरोल आणि फोरार्लबर्ग यांना जोडणाऱ्या आर्लबर्ग बोगद्यातून रेल्वे सुरू झाल्यावर पायपीट बरीच टळली, चाकरी मात्र टळली नाही. मला सर्वांत अन्यायाचे वाटते ते हे, की श्वाबियाचा बराच भाग ज्यात येई त्या व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यातील शाळेची सक्ती परदेशी मुलांना लागूच नव्हती, त्यामुळे शेतकऱ्याची मुले वर्गात बसत आणि ही मुले त्याची गुरे राखत. १९२१ मध्ये सक्ती त्यांनाही लागू झाली आणि ही प्रथा ओसरली.