लहान गावात भाड्याच्या घराचा करार नोंदवावा, की शब्दावर राहावे?

बदलीवाला : बदली होऊन चिपळूणला आलो तेव्हा घर चहाच्या टपरीवर चौकशी करून दोन दिवसांत मिळाले. भाडे ८,००० रुपये आणि अनामत २५,००० रुपये ठरली. कराराचा विषय काढताच मालक म्हणाले, "आपल्याकडे कागद लागत नाही, शब्द पुरे." घर सोडताना मात्र भिंतीतले खिळे, न्हाणीघरातली गळकी तोटी आणि न दिलेली आगाऊ सूचना यांचा हिशेब होऊन माझ्या हाती ९,००० रुपये पडले. तोटी मी येण्यापूर्वीही गळत होती, पण ते दाखवणार कशावरून? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी नको' हा समज आपल्या राज्यात चालत नाही. वर सांगितलेल्या भाड्यावर आणि अनामतीवर अकरा महिन्यांचे मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आत बसते, मग एवढी टाळाटाळ कशासाठी?

माडीवरचा मालक : आपल्याशी त्या मालकांनी केले ते गैरच, पण त्यावरून सगळ्यांना एका मापाने मोजू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी गावात शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे भाडेकरू कुटुंब माडीवर आले आणि बारा दिवस आमच्याच चुलीवर जेवले. पुढचे तीन महिने मी त्यांच्याकडे भाडे मागितले नाही. हे कोणत्या कलमात लिहिले होते? दुसरे असे की, कूळकायद्यात जमिनी गेल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणी माणसाला कागदाचीच धास्ती वाटते. आज सही केली आणि उद्या हाच माणूस कूळ म्हणून उभा राहिला तर काय, ही भीती तुम्हांला हास्यास्पद वाटेल, आमच्या घरात ती तशी नाही.

दस्तलेखक : भीती खरी असली तरी तिचा रोख चुकला आहे. शेतजमिनीचे कूळ वेगळे आणि राहत्या घराचा 'लिव्ह अँड लायसन्स' वेगळा. त्यात केवळ राहण्याची परवानगी असते, जागेत हक्क निर्माण होत नाही. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. उलट नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद टाळून धोका मालकच ओढवून घेतो. शिवाय दोष सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही तरतूदही मालकासाठीच आहे.

एकटी राहणारी : आपण तिघेही घर मिळाल्यानंतरचे बोलत आहात. "एकट्याच राहणार का? आडनाव काय? मासे शिजवता का?" या प्रश्नांतून पार झाल्यावर समोर येईल त्या अटीला मी मान डोलावली असती. तरीही मी नोंदणीच्या बाजूने आहे, कारण गॅसजोडणीसाठी पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा मालकांचा शब्द तिथे चालला नाही.

बदलीवाला : माडीवरच्या मालकांना माझे एवढेच म्हणणे आहे की, आपण दिलेला आसरा करारात लिहायचाच नव्हता; लिहायची होती ती तोटी. राहायला येण्याच्या दिवशी खोलीनिहाय फोटो काढून यादी जोडली असती, तर माझा वाद दहा मिनिटांत मिटला असता.

माडीवरचा मालक : यादी मान्य आहे. पुढच्या भाडेकरूच्या वेळी नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या एजंटाला घरीच बोलावीन आणि खर्च निम्मा-निम्मा करीन. मात्र तळमजल्यात पुराचा चिखल आला तर तो कोणी काढायचा आणि जळालेली मोटर कोणाच्या खर्चाने बदलायची, ही दोन कलमे छापील मसुद्यात नसतात. ती मी सांगेन तशी घालावी लागतील.