मॉडेल रेल्वेचा मोठा लेआउट अर्धवट पडलाय, हात लावावासाच वाटत नाही. तुम्ही लोक कसं टिकवता?

थळघाट_एचओ

नमस्कार मंडळी, आजवर नुसता वाचत होतो, आज विचारायचंच आहे. नाशिकला जेलरोडला घर आहे, गच्चीवर एक खोली काढलीये साधारण चौदा बाय दहा फूट, त्यात एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या भागाच्या मापात, कसारा-इगतपुरी घाट करायला घेतलाय. अख्खा नाही हो, कसारा यार्डाचं एक टोक, मधे दोन बोगदे, एहेगावचा पूल आणि वर इगतपुरी. लाइनी मात्र तीन, अप डाउन मिडल, कारण लहानपणापासून पंचवटी एक्स्प्रेसच्या खिडकीतून जे बघितलंय तेच करायचं होतं. सकाळी मुंबईला जाताना नुसता उतार, संध्याकाळी येताना कसाऱ्याला गाडी थांबली की मागून बँकर (ढकलायचं इंजिन) लागल्याचा तो धक्का, ते सगळं.

सुताराकडून फ्रेम करून घेतली, वर १२ एमएम प्लाय, त्यावर कॉर्क, खालच्या लेव्हलचा ट्रॅक टाकून झालाय, वरचा निम्मा, आणि तिथे जे काम थांबलंय ते थांबलंय. वायरिंग अर्धी आहे, प्रत्येक फ्लेक्स ट्रॅकला (वाकवता येणारा रुळांचा तुकडा) फीडर, म्हणजे वीज देणाऱ्या वायरी, सोल्डर करायचे ते टेबलाखाली उताणं झोपून, गरम सोल्डरचे थेंब तोंडावर, ते काम नुसतं डोळ्यासमोर आलं तरी खाली येऊन टीव्ही लावतो. रविवारी वर जातो, एखादा डबा उचलतो, फुंकर मारतो, परत ठेवतो. इंजिनं अजून खोक्यात. मागच्या आठवड्यात बायकोने प्लायवर पापड वाळत घातले होते, इगतपुरीच्याच जागी, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. ते जास्त लागलं नंतर.

सोडायचं नाहीये, पैसेही बऱ्यापैकी गेलेत. पण ज्यांनी मोठे लेआउट केलेत ते वर्षानुवर्षं हा उत्साह कसा टिकवतात? टाइमटेबल वगैरे लावून होतं का, की हे एकट्याचं कामच नाही?

सातपूर_शंटर

दादा एकच विचारतो, आज या घडीला तुमच्या टेबलवर एखादं इंजिन इथून तिथे जाऊ शकतं का? नाही ना? मग उत्साह कुठून येणार राव! तुम्ही घेतलंय रेल्वेचं काम आणि करताय फक्त सुतारकाम आणि इलेक्ट्रिशियनचं काम, गाडी कुठेच नाही.

वरची लेव्हल विसरा. खालच्या लेव्हलची फक्त बाहेरची लाइन घ्या, ती फिरून परत येते असं धरतो, तिला समोरासमोर दोन जागी फीडर द्या, साधा डीसी कंट्रोलर लावा आणि एक इंजिन चार डबे फिरवा. व्होल्टेज लांबच्या टोकाला पडेल, इंजिन तिथे हळू होईल, होऊ दे. बाकीचे फीडर लागणारच आहेत पण ते नंतर, आज नाही. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर दहा मिनिटं गाडी फिरवायला वर गेलात की हातात पकड आपोआप येते, हा जॉइंट जरा उडवतोय, तो पॉइंट (गाडीची लाइन बदलणारा सांधा) नीट बसत नाहीये. मग तेवढंच काम करून खाली यायचं. बसून प्लॅन केलं की परत टीव्ही.

एनस्केल_इंदिरानगर

शंटर म्हणतात ते बरोबर आहे पण मला वाटतं गोची त्याच्या आधी आहे, मापात. जरा आकडे मांडू का? रागावू नका.

कसारा ते इगतपुरी साधारण १६ किलोमीटर, भागिले ८७, म्हणजे १८० मीटरच्या वर. ते कुणालाच जमत नाही, ठीक. पण एलएचबी डबा एचओत साधारण २७ सेंटीमीटर, बावीस डब्यांची गाडी सहा मीटर, तुमची खोली सव्वाचार मीटर. गाडीच खोलीपेक्षा लांब आहे दादा. चढ खऱ्या घाटात ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर वर. एका लाइनीवरून दुसरी न्यायची तर मधे १० सेंटीमीटर तरी उंची लागते, ती ३७ ला १ ने चढायला ३ मीटर ७० सेंटीमीटर सरळ ट्रॅक पाहिजे, म्हणजे तुमची एक अख्खी भिंत फक्त चढण्यात गेली. वळणावर चाकं घासतात म्हणून तोच चढ आणखी जड पडतो ते वेगळंच. आणि एहेगावचा पूल १८२ फूट उंच आहे, एचओत ६४ सेंटीमीटर. सपाट प्लायवर तो बसणार कुठे? प्लाय कापून खाली दरी काढावी लागेल.

मला वाटतं तुम्हाला हे आतून कळलेलंय, म्हणून हात जात नाही. कंटाळा आलाय असं आपण म्हणतो पण खूपदा प्लॅनमधेच काहीतरी अडलेलं असतं आणि ते कागदावर मान्य करायचं नसतं. मिडल लाइन काढून टाका, सहा-सात डब्यांची पंचवटी करा, पूल निम्म्या उंचीचा करा. बघणाऱ्याला कळत नाही हो, शप्पथ. मी एन स्केलमधे आहे, १ ला १६०, पुस्तकांच्या शेल्फच्या एका फळीवर देवळाली स्टेशन बसवलंय, दोन बीएचकेत तेवढंच शक्य होतं. फळीवरचं काम कधी फार मागे पडत नाही कारण ते दिसतं रोज.

थळघाट_एचओ

ताई आकडे बघून पोटात गोळा आला, पण थँक्स. पुलाचं मी खरंच टाळत होतो. मिडल लाइन मात्र काढणार नाही, सॉरी :) ती नसेल तर तो घाटच नाही. चढाचं म्हणाल तर कोपऱ्यात हेलिक्स, म्हणजे गोल गोल वर चढणारा ट्रॅक, करायचा विचार आहे, २४ इंच रेडियस.

एनस्केल_इंदिरानगर

२४ इंच रेडियसचा एक वेढा म्हणजे ३ मीटर ८३, त्यात १० सेंटीमीटर चढलात की ३८ ला १ झाला. घ्या, न ठरवता थळ घाटाचाच, म्हणजे कसारा घाटाचाच, चढ मिळाला तुम्हाला. पण दोन ट्रॅकची हेलिक्स खोलीचा सव्वापाच फुटी कोपरा खाणार, आणि तीन लाइनी त्यात घालू नका प्लीज.

कोड१००_वाला

विकायचा विचार झाला तर आधी मला सांगा. फ्लेक्स ट्रॅक किती आहे? पॉइंट मोटरसकट असतील तर अजून चांगलं.

एकलहरे_रिटायर्ड

अरे बाबा विकू नको, आणि रोज करायलाच पाहिजे असंही काही नाही. सगळी पोरं उत्साह उत्साह करतात. मी ट्रॅक्शनच्या वर्कशॉपमधे नोकरी काढली, मोटर उघडायची, आर्मेचर काढायचं, बेक करायचं, टेस्ट करायचं, तिथे कोणी विचारलं नाही आज मूड आहे का. पण तो पगार होता, हा छंद आहे, पडू दे की दोन महिने. फक्त झाकून ठेव. गच्चीवरची खोली म्हणजे धूळ, नुसती चादर टाकू नको, तिचे धागे पॉइंटमधे अडकतात, जाड प्लास्टिकची शीट टाक.

आता कामाचं. नाशिकच्या हवेत कामाचा क्रम ऋतूप्रमाणे लाव, अर्धी कटकट कमी होते. जून ते सप्टेंबर प्लास्टर आणि कागदाचे डोंगर करायचेच नाहीत, वाळत नाहीत आणि बुरशी धरते. प्लायही पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आखडतो, म्हणून जॉइंटमधे जरा फट ठेवलेली असू दे, सगळे जॉइनर (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) सोल्डर करून टाकले तर एप्रिलमधे ट्रॅक साप होतो. पावसाळ्यात सोल्डरिंग, थंडीत डोंगर, उन्हाळ्यात गच्चीवर जायचंच नाही, खाली पंख्याखाली बसून डब्यांना वजन घालायचं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा हिशोब आहे, एक औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस. तुझा डबा पावणेअकरा इंच धरला तर १८० ग्रॅम होतो. तू मागून बँकर लावणार म्हणतोस ना, मग हे आधी कर, नाहीतर हलका डबा वळणावर बाहेर फेकला जाईल. आणि बँकरचा नि पुढच्या इंजिनाचा वेग डीसीसीत (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारा डिजिटल कंट्रोल) जुळवून घे, मगच ढकलाढकली.

दुसरं, टेबलाखाली उताणं झोपून सोल्डर करायला तुला कोणी सांगितलं? ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला स्लीपरला लागून बारीक भोक पाड, वायर वरून खाली सोड, वरचं टोक काटकोनात वाकवून रुळाच्या बाहेरच्या पोटाला टेकव आणि उभ्या उभ्या वरून सोल्डर कर. आत चाकाची कड, फ्लँज, फिरतो, बाहेर काही अडत नाही, नंतर रंग दिला की दिसतही नाही. खाली फक्त स्क्रूवाली कनेक्टर पट्टी, तीच ती पांढरी, पंख्याच्या जोडणीला वापरतात ती. बसची, म्हणजे सगळ्या फीडरना वीज पुरवणारी मुख्य वायर जाड घे आणि ती टेबलाच्या मधोमध नको, पुढच्या कडेला आण, म्हणजे स्टुलावर बसून स्क्रू आवळता येतील. वर बघून करायचं काम माणूस टाळणारच, तो आळस नाही.

सातपूर_शंटर

काका एक नंबर. हे कनेक्टरचं मला पण माहीत नव्हतं, मी आपला तोंड वर करून चटके खात बसलो.

गंगापूररोड_मालगाडी

माझं मत जरा वेगळं. रुळ, चढ, फीडर सगळं ठीक, पण कोणी बघणारं नसेल तर माणूस करत नाही, सरळ आहे. आमच्याकडे गणपतीत आरास म्हणून लेआउट असतो. आख्खा नाही, चार बाय दोन फुटाचा एक सुटा तुकडा, उचलून हॉलमधे आणता येतो, गणपतीच्या पाटासमोरून मालगाडी जाते आणि बीओएक्सएन, म्हणजे वरून उघड्या, वाघिणीत मोदक, पोरं तर सोडाच, आत्या-काकूही कंट्रोलर सोडत नाहीत. थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे त्यामुळे डोंगर कागदाच्या लगद्याचे, झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, उन्हाळी गवत काथ्या कापून. घरची सगळी मंडळी बसतात जुलैपासून. आणि तारीख पुढे ढकलता येत नाही हो, बाप्पा येणार म्हणजे येणार! टाइमटेबलचं विचारलंत ना, याच्याइतकं कडक टाइमटेबल दुसरं नाही.

सुट्या तुकड्याचा आणखी एक फायदा, तो वाया जात नाही. अमेरिकेत जॉन ॲलन म्हणून होता, त्याचा पहिला लेआउट अगदी छोटा, टेबलाएवढा, तो त्याने मोडला नाही, पुढे जो प्रचंड लेआउट केला त्यात तसाच बसवून टाकला. आणि पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, १९९८ पासून चालू आहे, तेही मूळ एका माणसाच्या छंदातूनच आलंय. बघून आल्यावर आठ दिवस तरी झोप लागत नाही.

एकलहरे_रिटायर्ड

आरास चांगली पण कंट्रोलर पोरांच्या हातात असला तर स्पीडला स्टॉप लाव. आमच्याकडे पाव्हण्यांच्या नातवाने गाडी डायरेक्ट दुर्वांत घातली होती.

थळघाट_एचओ

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री वर जाऊन टेप लावून बघितलं. ताईंचं बरोबर आहे, पूल आहे त्या प्लायवर होतच नाही, मला हे केव्हाचं माहीत होतं आणि त्या कोपऱ्याकडे मी बघतच नव्हतो.

तर ठरवलंय ते असं. पूल वेगळा करणार, सुटा, पाच फुटांचा, खाली दरीसकट, उंची निम्मी म्हणजे ३२ सेंटीमीटर, तीन लाइनींपैकी पुलावर एकच दाखवणार. तोच या वर्षीची आरास. दोन्ही टोकांना तात्पुरती वळणं जोडून हॉलमधे फिरवता येईल. खालच्या लेव्हलची बाहेरची लाइन काकांच्या पद्धतीने वरून सोल्डर करून चालू करतो, बायकोला सांगितलं तर म्हणाली दरीत पाणी दाखवणार असशील तर पावसाळी धबधबा पाहिजे, म्हणजे आता डोंगर हिरवे करावे लागणार, मी आपला उन्हाळी तपकिरी धरून बसलो होतो. हेलिक्सचं नंतर बघू. मिडल लाइन राहणार!

एक राहिलं, खडी. बाहेरून येणारी बॅलास्टची पाकिटं महाग पडतात आणि रंगही आपला वाटत नाही, करडी-गुलाबी काहीतरी. इथे काय वापरता?

एकलहरे_रिटायर्ड

अरे खाणीच्या गावात राहून पाकीट कशाला, घाटातली खडीही याच काळ्या पाषाणाची. क्रशरवरून पिशवीभर कच आण. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंत असते, ८७ ने भाग, पाऊण मिलिमीटर झाली, म्हणजे जाड रव्याएवढा दाणा. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल पण मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढाच घे. चाळण्या नवीन आण, घरातल्या वापरू नको. धुऊन वाळव.

मग सगळ्यात महत्त्वाचं, कागदावर पसरून त्यावरून लोहचुंबक फिरव, जुन्या स्पीकरचं चालेल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आपल्या दगडात लोहाचे काळे कण असतात, चिकटलेलं बघशील तर थक्क होशील. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात आणि मोटर जाम. दोनतीनदा फिरव. लावताना फेविकॉल निम्म्याला निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोड, पॉइंटच्या जिभेजवळ जाऊ नको.

सातपूर_शंटर

क्रशरवर मी रविवारी जाणारच आहे, घराचं काम चालूय. दादा तुमच्यासाठी पण एक गोणी आणतो, जेलरोडला पोचवतो, त्या निमित्ताने फीडरही लावून टाकू. सोल्डरिंग आयर्न ६० वॉटचं आहे माझ्याकडे, कोड १०० ला, म्हणजे आपल्या जाडीच्या रुळाला, पुरेल ना काका?

एकलहरे_रिटायर्ड

पुरेल. रूळ आधी घास, फ्लक्स लाव, आणि पटकन उचल, नाहीतर स्लीपर वितळतील.