ऑटोकॅडमधलं मराठी टेक्स्ट दुसऱ्याच्या मशीनवर ???? दिसतंय

नवा_ड्राफ्ट्समन
नमस्कार मंडळी, ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) एका बंगल्याचा प्लॅन करतोय, युनिट मिमी, प्लॉट म्हणजे छपाई १:१०० ला. खालच्या टिपा मराठीत हव्यात असा मालकांचा हट्ट आहे, म्हणून नेटवरून एक युनिकोड फॉन्ट उतरवला, माझ्याकडे झकास दिसतंय पण फाइल साइट इंजिनिअरला पाठवली की त्यांच्याकडे नुसते ????. शिवाय हाइट २.५ दिली तर अक्षरं मुंगीएवढी येतात. फाइल करप्ट झाली का?

रेघोट्या
फाइलला काही झालेलं नाही रे. तो फॉन्ट त्यांच्याकडे नाही, मग कॅड स्वतःचा पर्यायी फॉन्ट लावतं, तो बहुतेक सिम्प्लेक्स एसएचएक्स (कॅडचा साधा रेषांचा फॉन्ट) असतो आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. स्टाइल कमांड मारून नवी स्टाइल कर, फॉन्ट निर्मला यूआय दे, विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. मंगलही चालतो पण विंडोज १० वर कधीकधी वेगळा टाकावा लागतो.
स्टाइलमधली हाइट मात्र ० च ठेव, तिथं आकडा टाकला की टेक्स्ट कमांड हाइट विचारतच नाही आणि ती स्टाइल डायमेन्शनला (मापांना) लावली असेल तर तिथली अक्षरंही त्याच साइजला अडकतात, मग बसा डिमस्टाइल (मापांची सेटिंग) उचकत.
आता मुंगीचं. कागदावर २.५ मिमी हवं तर मॉडेलमध्ये (जिथं खऱ्या मापात काढतो) २.५ × १०० म्हणजे २५० दे. मीटरमध्ये काढणारे ०.२५ देतात. एकच टीप दोन स्केलला लागणार असेल तर अ‍ॅनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे साइज आपोआप जुळवणारी) कर.

पक्याभाऊ
एवढा कुटाणा कशाला, एक्सप्रेस टूल्समधून टेक्स्ट एक्सप्लोड कर, अक्षरांच्या रेषा होतात, फॉन्टचा प्रश्नच मिटला

रेघोट्या
पक्याभाऊ, आणि उद्या मालकांनी टीप बदलायला सांगितली तर? रेषा खोडत बसायचं? फाइल जड होते ते वेगळंच. नुसतं बघायलाच द्यायचं असेल तर पीडीएफ द्या की.

नवा_ड्राफ्ट्समन
दादा स्टाइल बदलली, टायटल ब्लॉक (शीटवरची नाव-तपशिलाची चौकट) आला त्यांच्याकडे, पण टिपा अजून ????च

शीट_नंबर_चार
टिपा एमटेक्स्टमध्ये (अनेक ओळींचं टेक्स्ट) आहेत ना? एडिटरमध्ये सिलेक्ट करून फॉन्ट लावला असशील, तो आत चिकटून राहतो, स्टाइल बदलली तरी हलत नाही. डबल क्लिक कर, सगळं सिलेक्ट, राइट क्लिक, रिमूव्ह फॉरमॅटिंग. ठळक-बिळक केलेलं जाईल, ते परत कर.

नवा_ड्राफ्ट्समन
आलं!! आता २५० ने टिपा शीटबाहेर चाललेत, बॉक्सची रुंदी बघतो