उत्तर: ग्रहणं आहेत तर स्पंदन कशाला?

तुम्ही विचारलंय की जोडताऱ्यांत एक तारा दुसऱ्याला झाकतो ती ग्रहणं आणि वर्णपटावरून ताऱ्यांचे वेग मोजून ताऱ्याचं वस्तुमान, त्रिज्या मिळतेच, तर त्याचं स्पंदन (म्हणजे ताऱ्याची नियमित थरथर, तिने प्रकाश किंचित कमीजास्त होतो) कशाला मोजत बसायचं. अहो, त्रिज्या बाहेरची झाली, आतलं कसं कळणार? ते कळतं स्पंदनावरून, घटावर टिचकी मारून बघतात तसंच आहे हे. आणि गंमत म्हणजे जोडीदार तारा समोरून सरकताना स्पंदणाऱ्या ताऱ्याची चकती थोडी थोडी झाकत जातो, त्यामुळे स्पंदनाचा आपल्याला दिसणारा जोर कमीजास्त होतो, आणि त्यावरून पृष्ठभागाचा कुठला भाग कसा हलतोय याचा अंदाज बांधता येतो, एकट्या ताऱ्यात ही सोय नाही.

शर्मिष्ठेतला आरझेड कॅस हा जोडतारा घ्या. साधारण २८ तास ४० मिनिटांनी ग्रहण, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ६.२ वरून ७.७ पर्यंत उतरते. आम्ही मुंबईबाहेर वांगणीला दुर्बिणीतून शेजारच्या ताऱ्यांशी ताडून हे बघितलंय, दोनेक तासांत चक्क मंदावतो. पण त्याचं २२ मिनिटांचं स्पंदन प्रतीच्या एक-दोन शतांशांइतकंच, ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला कॅमेरा आणि नीट फोटोमेट्री (प्रकाशाचं मोजमाप) हवी. दादरच्या गच्चीवरून तर विसराच. घरबसल्या करायचं तर नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीचा डेटा फुकट आहे, २०१८ पासून अवकाशात आहे ती, मी तो डेटाच चाळत बसतो.