रनिंगमधली नवी १२५ घेऊन कुंभार्ली घाट, जाऊ का नको?

कराडचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी, नुकतीच १२५ सीसीची नवी गाडी घेतलीय, मीटरला १८० किमी झालेत. शोरूमवाल्याने चावी देताना बजावलं की पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत ४०च्या वर न्यायची नाही, का म्हणून विचारलं तर "रनिंगमध्ये आहे साहेब" एवढंच, म्हणजे नव्या इंजिनचे भाग अजून एकमेकांत बसायचेत. ऑफिसातला एकजण म्हणतो हे सगळं जुन्या जमान्यातलं, पहिल्या दिवसापासून पिळ नाहीतर गाडी जन्मभर मंद राहते. वडिलांचं तिसरंच, ५०० होईपर्यंत डबल सीट नको. आता अडचण अशी की गणपतीला चिपळूणला सासरी जायचंय, बायकोला घेऊन, पाटण-कोयनानगर करत कुंभार्लीतून. शिवाय रोज हायवेने इस्लामपूरला जाऊन येऊन असतं, तिथं टॉप गिअरला टाकून ४० धरून बसतो तर मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव नको करतात आणि पुलाचा चढ आला की गाडी हँडलला थरथरते. नक्की कुणाचं ऐकू? आणि आत्ताच ऑईल काढून फुल सिंथेटिक टाकून घेऊ का?

बोअर_पिस्टन
थरथरते म्हणताय ना, तिथंच घोळ आहे. शोरूमवाला स्पीड सांगतो पण इंजिनला स्पीड कळत नाही हो, त्याला कळतो लोड (ओझं) आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाला इंजिनचे फेरे. टॉपमध्ये ४०ने चढ चढवणं म्हणजे कमी आरपीएमवर जास्त ओझं, त्यापेक्षा एक गिअर खाली टाकून ५०ने गेलात तर इंजिन सुखात राहील.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर फॅक्टरीत मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्याला होनिंग म्हणतात. त्या रेघांच्या खाचेत ऑईल धरून राहतं आणि वरची टोकं पिस्टनवरच्या रिंगा घासून हळूहळू सपाट करतात, मग रिंग आणि भिंत एकमेकांना चपखल बसतात. रिंगेला भिंतीवर दाबतो कोण, तर मुख्यतः पेटलेला गॅस, तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे अगदीच गोगलगायीसारखी चालवलीत तर दाबच पडत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर जळक्या ऑईलचा गुळगुळीत थर चढतो आणि पुढे गाडी ऑईल खाते. उलट पहिल्याच दिवशी फुल्ल पिळलीत तर न घासलेल्या टोकांवर एवढी उष्णता होते की ऑईलची फिल्म तुटून ओरखडे पडू शकतात. मधला रस्ता म्हणजे थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) अर्धा-पाऊण, आरपीएम सतत कमीजास्त, मधूनच सोडून द्यायचा. हायवेला एकाच स्पीडने तासभर, ते ४० असो की ६०, नको.

पिळा_बिनधास्त
मी तर म्हणतो पहिले ३०-४० किमीच काय ते महत्त्वाचे, रिंगा तेव्हाच बसतात, त्यानंतर कितीही जपा उपयोग नाही. गाडी गरम करायची, थर्डमध्ये मोकळ्या रोडला जोरात ओढायची आणि थ्रॉटल सोडून इंजिनवरच स्लो होऊ द्यायची, असं दहा-बारा वेळा. रेसवाले असंच करतात.

बोअर_पिस्टन
रेसवाले इंजिन कितीदा उघडतात ते पण सांगा की. पण अर्धं बरोबर आहे तुमचं, ओढायची आणि सोडायची हे योग्यच, सोडल्यावर सिलेंडरमध्ये व्हॅक्यूम होऊन भिंतीला ऑईल ओढलं जातं. फक्त "जोरात" वर माझी हरकत आहे. आणि इंजिन म्हणजे नुसत्या रिंगा नव्हेत, गिअरचे दाते आहेत, बेअरिंग आहेत, क्लच प्लेटा आहेत, ते काय ४० किमीत बसत नाहीत. होंडाच्या पुस्तकात बघा, पहिले ५०० किमी फुल थ्रॉटलने उचलू नका, जोरात ब्रेक मारू नका, झटकन गिअर पाडू नका असं दिलंय, त्यात ४०चा आकडा कुठंय? काही कंपन्या मात्र गिअरनिहाय स्पीड देतात, तेव्हा पाव्हणं आधी सीटखालचं पुस्तक काढा.

जुना_बुलेटवाला
४०चं खूळ कुठून आलं ते सांगू का. आमच्या जुन्या बुलेटला सिलेंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं, नवी गाडी दामटली की पिस्टन जाम, चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक. म्हणून मेस्त्री लोक दम भरायचे आणि पोरं ऐकायची. आता मशीनिंग फार सुधारलंय, ऑईल चांगली आली, पण सल्ला तोच राहिला. तरी वडिलांना हसू नका, त्यांच्या गाडीला ते बरोबरच होतं.

घाटाला माझ्याकडून हरकत नाही, उलट सरळ हायवेपेक्षा बरा, आरपीएम आपोआप खालीवर होतो. हेळवाक सोडल्यावर चढाला वेळेत गिअर पाडा, धडधड होऊ देऊ नका, आणि डबल सीट आहात तर माथ्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, एअर कूल्ड इंजिन आहे, चहा घ्या. पोफळीकडे उतरताना गाडी गिअरमध्येच पाहिजे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग मी बघितलेत, ब्रेक तापून लागेनासे झाले की देव आठवतो.

ओला_क्लच
इंजिनचं सगळे बोलले, टायरचं कुणीच नाही. नवीन टायर पहिले शे-दीडशे किमी गुळगुळीत असतात, तुमचे १८० झालेत पण सगळे सरळ हायवेवर, म्हणजे टायरची कड अजून कोरीच असणार. भाद्रपदात कुंभार्लीत धुकं, पाऊस, वळणावर चिखल, तिथं गाडी पहिल्यांदा वळणात झुकवायचा प्रयोग नको. आधी गावातल्या रस्त्यांवर थोडी वळवून घ्या. ब्रेक पॅडचंही तेच, हळूहळू बसतात.

ऑईलचं म्हणाल तर आत्ता हात लावू नका, पहिल्या सर्व्हिसिंगला बदलेलच. ते मात्र चुकवू नका, पहिल्या ऑईलमध्ये घासलेल्या धातूची चमकी असते, ती बाहेर गेलीच पाहिजे. पुस्तकात जो ग्रेड असेल तोच टाका आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाईकच्या ऑईलचा शिक्का बघा. कारचं महाग ऑईल चांगलं म्हणून टाकतात लोक, पण आपला क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, तो घसरायला लागतो.

कराडचा_पाव्हणा
भारी माहिती मिळाली राव. आज थर्ड-फोर्थ मध्ये कमीजास्त करत गेलो, थरथर पार गेली. पुस्तक उघडलं तर तिथंही ४० नाहीच, सर्व्हिसिंग ५०० ते ७५० मध्ये दिलीय. म्हणजे चिपळूणहून आल्यावर केली तर चालेल ना? आणि सकाळी किती वेळ चालू ठेवून गरम करायची, शेजारचे पाच-पाच मिनिटं ठेवतात.

बोअर_पिस्टन
रोजचं इस्लामपूर धरून हिशेब करा, जाऊन येऊन ७५०च्या आत बसत असेल तर आल्यावर, नाहीतर ५०० झाले की जायच्या आधीच उरकून घ्या. निघताना ऑईल लेव्हल बघा, मेन स्टँडवर उभी करून, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी. चेन पण बघा, नवीन चेन सुरुवातीला ढिली पडते. सकाळी अर्धा-एक मिनिट बास, पुढचे दोन-तीन किमी सावकाश चालवा म्हणजे गिअरबॉक्ससकट सगळं गरम होतं. शेजाऱ्यांचं पेट्रोल त्यांना जाळू द्या.