श्रीलंका, मे महिना, आठ रात्री: काय ठेवू, काय गाळू?

चांदणचुरा

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीलंकेला जायचं नक्की केलंय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या आहेत, उत्साह दांडगा, पण गुडघे कुरकुरतात. वीसेक पायऱ्या झाल्या की "तुम्ही व्हा पुढे" सुरू होतं. शिवाय त्या शाकाहारी. लेकीला देवमासा आणि हत्ती बघायचेत, नवऱ्याला रेल्वेप्रवास हवाय. मला विचाराल तर दोन दिवस कुणी उठवू नये, इतकंच.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: नेगोंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, याला, मिरिस्सा, गॉल. रोज नवीन हॉटेल. वर "जाफना पण बसवू" म्हणतोय. एवढुसा देश आहे, तासाभरात इकडून तिकडे, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं का हो हे सगळं? काय ठेवू आणि काय गाळू?

बोरघाट

आठ रात्री, आठ हॉटेलं? सासूबाई श्रीलंका बघणार नाहीत, बॅगांच्या चेन बघतील.

नकाशावर देश छोटा दिसतो, पण आतले रस्ते दुपदरी आहेत. दर दोन मैलांवर शाळा, बस, टुकटुक. कँडी ते नुवारा एलिया पाऊणशे-ऐंशी किलोमीटर आहे आणि अडीच-तीन तास सहज जातात. विमानतळ ते सिगिरिया चार तास धरा. एक्स्प्रेसवे दक्षिणेकडे उत्तम आहे, बाकीकडे घाटातल्या वेगाने हिशोब करा. जाफना कोलंबोपासून चारशे किलोमीटर. तो प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जेवण वेगळं. त्याला स्वतंत्र सुट्टी द्या, "बसवू" नका.

कोलंबोकर

नोकरीनिमित्त इथे राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या एजंटने डिसेंबरचा कार्यक्रम मेमध्ये विकलाय.

या देशाला दोन पावसाळे आहेत. नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर, तो कोलंबो, गॉल, मिरिस्सा या बाजूला आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर पडतो. ईशान्येचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, तो पूर्व किनारा आणि उत्तरेला. त्यामुळे बहुतेक वेळा एका किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि दुसऱ्यावर तळ्यासारखा शांत. मिरिस्साचा देवमाशांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे बोटी निघाल्याच तर लेकीला मासा दिसण्याआधी उलट्या होतील.

म्हणून दक्षिण सोडा, पूर्व धरा. त्रिंकोमाली आणि त्याला लागून असलेले उप्पुवेली, निलावेलीचे किनारे. पाणी उथळ, लाटा बेताच्या, दक्षिणेपेक्षा गर्दी कमी. इथे बंदराजवळच समुद्रतळात खोल घळ आहे, त्यामुळे देवमासे किनाऱ्याच्या बरेच जवळ येतात. हंगाम साधारण मेपासून सुरू होतो. दिसतीलच अशी हमी कुणी देत नाही आणि जो देईल त्याच्या बोटीत बसू नका. समोर पिजन आयलंड आहे, तिथे कमरेएवढ्या पाण्यात प्रवाळ आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क दिसतात, माणसाला काही करत नाहीत. लेक पोहणारी असेल तर देवमासा विसरेल.

सासूबाईंसाठी तिथेच कोणेश्वरम. समुद्रात घुसलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ, जायचा रस्ता जुन्या किल्ल्यातून, आणि त्या रस्त्यावर ठिपक्यांची हरणं गाईंसारखी निवांत फिरत असतात. देवळाच्या बाजूला कड्याला उभी चीर आहे, ती रावणाच्या तलवारीने पडली असं सांगतात. तिथून खाली बघताना टोपी सांभाळा. परतताना कन्नियाचे गरम झरे: चौकोनी बांधलेल्या सात छोट्या विहिरी, प्रत्येकीचं पाणी कमीजास्त गरम. बादलीने काढून अंगावर घ्यायचं. गुडघ्यांवर घ्यायला सांगा, बरं वाटेल.

डोंगरात एला ठेवा, नुवारा एलियाला मुक्काम नको. एला आणि हपुतळे हा ऊवा प्रांत, पर्वतरांगेच्या पूर्वेला. महाबळेश्वर भिजत असताना वाई कोरडी असते, तोच प्रकार. मेच्या शेवटाला नुवारा एलिया धुक्यात बुडालं तरी एलाला ऊन मिळायची शक्यता बरी असते.

सह्यकडा

सिगिरियाबद्दल सांगतो. पाचव्या शतकातला कश्यप राजा, बापाला मारून गादीवर आला आणि सूडाच्या भीतीने या सरळसोट खडकावर राजधानी बांधून बसला. वरपर्यंत साधारण बाराशे पायऱ्या. मधे भिंतीला टांगलेला लोखंडी जिना, तिथे ती प्रसिद्ध भित्तिचित्रं (फोटोला बंदी आहे), मग सिंहाचे दोन प्रचंड पंजे आणि त्यांच्या मधून शेवटची चढण. "शांतता राखा" असे फलक दिसतील, ते भक्तिभावासाठी नाहीत, गांधीलमाश्यांसाठी आहेत. कड्याला मोठी पोळी असतात.

तुमच्या सासूबाईंनी खालच्या जलोद्यानात थांबावं. पंधराशे वर्षांपूर्वीची तळी आणि पाण्याचे पाट आहेत, सगळं सपाट, झाडांची सावली. त्यांना तेवढ्यासाठी तिकीट काढणं जिवावर येईल, पण सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा दर असतो. खिडकीवर पासपोर्ट दाखवा आणि आधी मागा, आपणहून कुणी सांगत नाही. तुम्ही तिघं दार उघडल्या उघडल्या चढायला लागा. साडेनऊनंतर त्या खडकावर मेचं ऊन म्हणजे तवा.

समोरच्या पिदुरंगलावरून सिगिरियाचं चित्र जास्त सुंदर दिसतं, कारण सिगिरियावर उभं राहिलं की सिगिरिया दिसत नाही. पण शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांवर हातापायांनी चढायचा आहे. लेकीला आवडेल. नवऱ्याचं तुम्ही ठरवा.

सगळ्यांना मिळून बघता येईल असं ठिकाण म्हणजे पोलोन्नरुवा. बाराव्या शतकात पराक्रमबाहूच्या काळात भरभराटीला आलेली राजधानी. अवशेष पसरलेले आहेत आणि गाडी जवळपास प्रत्येक ठिकाणापर्यंत जाते, नाहीतर भाड्याने सायकली. गल विहाराला मात्र वेळ काढून बसा. एकाच ग्रॅनाइटच्या कातळात चार मूर्ती, त्यातला पहुडलेला बुद्ध चौदा मीटर लांब. डोक्याखालच्या उशीवर डोकं टेकल्याने पडलेला खोलगा दगडात कोरलाय. दगडातली उशी मऊ वाटते, इतकं ते काम आहे.

आणि पायमोजे! देवळांच्या आवारात चपला काढाव्या लागतात, पायमोजे चालतात. दुपारी बाराला त्या फरशीवर अनवाणी चाललेला माणूस दुसऱ्या देवळाचं नाव काढत नाही.

अळूचं_फदफदं

शाकाहारी मंडळींनी इकडे लक्ष द्या.

घाबरायचं कारण नाही, श्रीलंकेतलं "भात-कढी" जेवण म्हणजे भातासोबत चारपाच भाज्या. परिप्पू (नारळाच्या दुधातली मसूरडाळ), भेंडी, बीट, आणि पोलोस म्हणजे आपली कोवळ्या फणसाची, कुयरीची भाजी. सकाळी शिरवळ्यांसारख्या तांदळाच्या ताज्या शेवया, वर कढी. कोकणातला माणूस तिथे परका राहूच शकत नाही.

पण दोन ठिकाणी फसगत होते. पोल संबोल, म्हणजे ताज्या नारळाची लाल चटणी, दिसायला निष्पाप, आत सुकवलेल्या मालदीव माशाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात, तो भाज्यांतही पडतो. दुसरं, गाडीत टोपली घेऊन येणारे वडे. वरून डाळवडाच, पण त्यात अख्खी कोळंबी चिकटवलेली असते. फक्त "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण मासे म्हणजे मांस नव्हे असं बऱ्याच जणांचं प्रामाणिक मत असतं. "मस एपा, मालु एपा, उंबलकड एपा" असं पाठ करा: मांस नको, मासा नको, मालदीव मासाही नको. त्रिंकोमालीत तमिळ शाकाहारी खानावळी आहेत, तिथे हा ताप नाही.

दक्षिणेकडे गेलात तर रस्त्याकडेला मातीच्या भांड्यांतलं म्हशीचं दही टांगलेलं दिसेल. त्यावर कितुलची काकवी घालून देतात. कितुल म्हणजे आपला भेरली माड. खापरात लागलेलं ते दही इतकं घट्ट असतं की भांडं आडवं केलं तरी सांडत नाही.

चांदणचुरा

बाप रे, किती दिलंत! एजंटला पूर्वेचं विचारलं तर म्हणतो, "तिकडे काही नाही मॅडम, पब्लिक जात नाही." म्हणजे जायलाच हवं.

दोन शंका. नवऱ्याला कँडी ते एला अख्खी गाडी हवीये. आणि याला राष्ट्रीय उद्यान गाळलं तर बिबट्या जाणार, लेक रुसेल.

रूळ_बदलताना

कँडी-एला सहा-सात तास. गाडी उशिरा धावते आणि आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं, भराभर संपतं. पहिल्या दोन तासांनंतर सासूबाई आणि लेक दोघींना कंटाळा येईल. त्यापेक्षा गाडीचा उत्तम तुकडा तेवढा घ्या. कँडीहून मोटारीने निघा, वाटेत चहाचा कारखाना बघा, नुवारा एलियाच्या पुढे सीता अम्मन देऊळ रस्त्यातच लागतं (ओढ्याकाठच्या खडकातले खळगे हनुमानाची पावलं म्हणून दाखवतात), आणि हपुतळेला रेल्वेत बसा. तिथून एला तासाभराच्या आसपास, तेवढ्याला आरक्षण नसलं तरी बिघडत नाही. ड्रायव्हर बॅगा घेऊन पुढे जातो. एलाच्या पुढे देमोदरा स्टेशन आहे, तिथे रूळ वळसा घालून स्टेशनच्याच खालच्या बोगद्यातून जातो. नवऱ्याला तिथपर्यंत खिडकीत बसवा आणि अर्धा तास विसरा.

नवरा ऐकेचना तर नानुओया ते एला करा. पट्टिपोला हे देशातलं सगळ्यात उंच स्टेशन त्यातच येतं.

महत्त्वाचं: नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात दरडी कोसळून या डोंगरी मार्गाचं बरंच नुकसान झालं. कुठला टप्पा चालू आहे ते तिकीट काढण्याआधी श्रीलंका रेल्वेकडून खात्री करून घ्या. हॉटेलवाल्याच्या शब्दावर राहू नका.

बोरघाट

यालाबद्दल माझं मत कडू आहे. बिबट्या दिसला की पाच मिनिटांत तिथे पंचवीस जीपा, सगळ्यांची इंजिनं चालू, आणि बिबट्या बिचारा तोंड फिरवून बसलेला. उदवलवेला जा. मोकळं गवताळ रान, हत्ती बाराही महिने. शेजारी अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, मोठी झाली की पिल्लं परत जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी दूध पाजतात ते लांबून बघायचं, हात लावायला देत नाहीत. याच कारणासाठी मला ते आवडतं.

सह्यकडा

बोरघाट यांच्याशी थोडा असहमत. याला पहाटे पहिल्या फाटकाला गाठलं तर अजूनही सुंदर आहे. पण या सहलीत नको, ते मान्य. खरं तर उदवलवेही नको. हबरणाजवळ कौडुल्ला आणि मिन्नेरियाला हत्ती दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमधला तो शेकडोंचा मेळा मेमध्ये नसतो, पण कळप असतात. त्या दिवशी कुठे आहेत ते तिथल्या जीपवाल्यांना पक्कं माहीत असतं.

चांदणचुरा

मग असं करू का? सिगिरिया-हबरणा दोन रात्री (हत्ती त्यातच), त्रिंकोमाली तीन, कँडी एक, एला दोन. गॉल, याला, मिरिस्सा, जाफना रद्द. लेकीला बिबट्याच्या बदल्यात शार्क सांगितला, तिने लगेच मान्य केलं.

कोलंबोकर

छान झालं. दोनच गोष्टी. परतीचं विमान रात्रीचं घ्या, एलाहून विमानतळ सहा तासांच्या आत येत नाही. खालून हंबनटोटाकडे उतरून एक्स्प्रेसवे पकडा. आणि त्रिंकोमाली ते कँडी हा दिवस लांबचा आहे, वाटेत दंबुल्लाच्या गुंफा करायच्या असतील तर सासूबाईंना विचारून. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत आणि माकडं हातातलं केळं मोजून घेतात.

अळूचं_फदफदं

कँडीत दळदा मालिगावाला (बुद्धाच्या दाताचं देऊळ) संध्याकाळच्या पूजेला जा, साडेसहाच्या सुमाराला. ढोल सुरू झाले की अंगावर काटा येतो. दंतधातूची कुपी लांबून क्षणभरच दिसते, त्यासाठी रांगेत रेटारेटी करू नका. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, तिथे ते फार मनावर घेतात. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पेरादेनियाची बाग, सासूबाई एकट्याने तासभर रमतील.

कोलंबोकर

अवांतर: पौर्णिमेला इथे सुट्टी असते, दारू आणि मांसाची विक्री बंद. मेमधली पौर्णिमा म्हणजे वेसाक. गावोगावी कागदी आकाशकंदील, दिव्यांच्या कमानींवर जातककथा, आणि रस्त्यावर गाड्या थांबवून फुकट जेवायला घालतात, नाही म्हणायची सोय नाही. तुमच्या तारखा त्याच्या आसपास सरकत असतील तर सरकवा, फक्त हॉटेलं आधी पक्की करा.

रूळ_बदलताना

ड्रायव्हर मसाल्याच्या बागेत, रत्नांच्या दुकानात "फक्त दहा मिनिटं" म्हणून थांबवेल. त्याला तिथे कमिशन मिळतं. पहिल्याच दिवशी हसत सांगा की आम्हाला खरेदी नाही, तेवढा वेळ चहाला थांबू.

चांदणचुरा

सासूबाईंनी धागा वाचला. रत्नांच्या दुकानात थांबायचंच आहे म्हणाल्या.