दीनियातच्या तासाला गुण? माझा सख्त विरोध

खाडीकाठ
काल इथे एकाने लिहिलं, 'हायस्कुलात दीनियातचं, म्हणजे धर्मशिक्षणाचं, पाठांतर बंद करा, इंडोनेशियासारखं क्षमतांवर शिकवा.' वाचून झोप लागली नाही. इंडोनेशियाच्या २०१३च्या अभ्यासक्रमात पहिली क्षमताच 'आध्यात्मिक वृत्ती' होती. मूल नमाज पढतं का, दुआ करतं का, हे शिक्षकाने बघून तक्ता भरायचा. ईमानाला गुण देणार? मास्तर बघतात म्हटल्यावर पोरगं मास्तरांसाठीच पढणार! उस्तादांनी माझ्याकडून सूरह माऊनच्या सात आयती घोटून घेतल्या. दिखाव्याच्या नमाजबद्दल त्यात काय म्हटलंय ते चाळिशीत उमगलं. पाठच नसतं तर काय उमगलं असतं?

दापोलीची बाई
गुणांचं तुमचं म्हणणं पटतं. तसंही अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय या तासाला मूल बसवता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ आहे. पण पाठांतरावर सगळं सोडू नका. नववीला जकात, म्हणजे वर्षाचं सक्तीचं दान, शिकवताना मी व्याख्या लिहूनच दिली नाही. एका काल्पनिक घराचा हिशोब दिला: रोख इतकी, सोनं इतकं. निसाब, म्हणजे जकात लागू व्हायची किमान मर्यादा, चांदीची, साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२ ग्रॅम. सराफाकडून त्या दिवशीचा भाव आणा आणि अडीच टक्के काढा. एकीने विचारलं, "बाई, अम्मीच्या हातातल्या बांगड्या धरायच्या?" पुस्तकात होतं, धरा. दुसऱ्या दिवशी तिची दादी शाळेत हजर. "आम्ही शाफई पंथाचे. वापरातल्या दागिन्यांवर आमच्यात जकात नाही. पोरीला काय शिकवता?"

मुंब्रा४२
हेच दुखणं आहे! कोकणातले आम्ही मुसलमान शाफई आणि पुस्तकं दुसऱ्या, हनफी पंथाची. आम्ही फजरला, पहाटेच्या नमाजला, कुनूतची दुआ पढतो, पुस्तकात ती रात्रीच्या वित्र नमाजला. माझ्या मुलाने विचारलं, "अब्बा, आजोबा चुकीची नमाज पढतात का?" साठ वर्षं पढणाऱ्या माणसाबद्दल! त्यात घरात बोलायचं कोकणी-मराठी आणि दीन शिकायचा उर्दूत. पोरं अर्थ न कळता माना डोलावतात.

कलमदान
उर्दूवर घसरू नका. मसलकाचा, पंथाचा वाद भाषेच्या गळ्यात कशाला? शाफई मसले, म्हणजे धर्माचे नियम, उर्दूतही लिहिलेले आहेत, शाळेने मागवले नाहीत हा शाळेचा दोष. माझ्या आईला फक्त उर्दू वाचता यायचं, तिचा सगळा दीन त्यातूनच आला.

मुंब्रा४२
तुमच्या आईचा आला, माझ्या आईचा नाही. जुम्याचं बयान, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, संपलं की ती मला विचारायची, "मौलाना काय म्हणाले रे?" मी दहा वर्षांचा, मलाही अर्धंच कळलेलं. तिला मराठीत कुणीच समजावलं नाही, याचा राग मला आजही येतो.

कलमदान
मराठीत समजावू नका असं मी कुठे म्हटलं? समजावा. पण उर्दूचा तास कापून नको. एकदा गेलेला तास परत मिळत नाही, आमच्या शाळेत तेच झालं.

खाडीकाठ
अहो, मूळ विषय उर्दू नव्हता! बाई, जकातीचा हिशोब चांगला आहे, एवढं मान्य करतो. माझ्या मुलीलाही करायला लावीन. तक्त्याला मात्र विरोध कायम, आणि पाठांतर राहणारच. त्या दादींना काय सांगितलंत?

दापोलीची बाई
चुकलं म्हटलं. मी स्वतः शाफई, आणि पुस्तकातलं तसंच उतरवलं होतं. त्यांना वर्गात नेलं. फळ्याचे दोन भाग केले, डावीकडे बांगड्या धरून, उजवीकडे सोडून. दादी मागच्या बाकावर बसल्या आणि उजवीकडची वजाबाकी मोठ्याने तपासत राहिल्या.